मधल्या विमानतळावर

रविवार, २ मार्च

लग्नानंतर आम्ही बंदराजवळच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. मी बाजारातून आले की हे दारातच माझ्या हातातली पिशवी घ्यायचे, न उघडता दोनदा वर-खाली तोलायचे आणि सांगायचे, "बटाटे. साबण. आणि तळाशी काहीतरी आहे, जे तू मला सांगणार नाहीस." तळाशी बहुतेक वेळा लिमलेटच्या गोळ्या असायच्या, मी स्वतःसाठी घेतलेल्या. मग गंभीर चेहऱ्याने एक गोळी जप्त व्हायची आणि आम्ही दोघं पायरीवर बसून गोळ्या चघळायचो. समोर बोटींचे भोंगे वाजत असायचे.

आज हे आठवलं, कारण सकाळी यांनी माझी मोठी बॅग उचलून पाहिली आणि म्हणाले, "मध."

"कपडे आहेत," मी म्हटलं.

"कपड्यांच्या मध्ये आहे. काचेची बरणी. तिकडे मध नेता येत नाही."

"लेकीसाठी नेतेय. बाळंतीण आहे ती."

"बाळंतीण असली तरी."

कस्टममध्ये सगळी नोकरी गेली या माणसाची. जन्मभर लोकांच्या बॅगा उघडल्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण घरात कुणी पाहुणा आला तर अजून त्याच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या सामानाकडे बघतात.

उद्या निघायचं. लेकीला गेल्या महिन्यात मुलगी झाली, ऑपरेशन करून. जावयांची नोकरी फिरतीची. वर्षभर खटपट करून लेकीने आम्हा दोघांचे तिकडे कायमचं राहण्याचे कागद करून घेतलेत. घर रिकामं केलंय. जे ज्याला द्यायचं ते देऊन टाकलं आणि किल्ल्या धाकट्या जाऊबाईंकडे सोपवल्या. भिंतींवर फोटोंच्या जागा तेवढ्या पांढऱ्या राहिल्यात.

प्रवास असा आहे. पहिलं विमान त्या देशाच्या मोठ्या शहरात उतरतं. तिथेच पासपोर्ट दाखवायचा, बॅगा घ्यायच्या, कस्टममधून बाहेर यायचं, बॅगा पुन्हा द्यायच्या आणि लहान विमानाने लेकीच्या गावी जायचं. लेकीने फोनवर हे इतक्यांदा सांगितलंय की मला पाढ्यासारखं पाठ झालंय. "आई, बाबांना सामान जाहीर करायच्या लाल बाजूला जाऊ देऊ नकोस. हिरव्या बाजूने सरळ बाहेर या. मध्ये वेळ कमी आहे."

हे ऐकत होते.

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये असताना सिस्टर सांगायच्या की दिवसभराचं मन रोज झाडून काढावं, म्हणून वही लिहायची सवय लागली. आज झाडायला बसले तर लिमलेटच्या गोळ्याच निघाल्या.

मंगळवार, ४ मार्च

मला इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. सिस्टरांनी पाहिलं असतं तर पान फाडायला लावलं असतं.

पहिलं विमान वेळेवर उतरलं. माझे पाय सुजले होते, यांचे नव्हते, तेही मला चिडवायला पुरेसं होतं. पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलो. काचेच्या मागे एक तरुण मुलगी होती, गोल चष्मा, केस घट्ट बांधलेले, आमच्या शाळेतल्या मॉनिटरसारखी दिसत होती. मी दोघांचे कागद नीट लावून पुढे केले आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत शुभ दुपार म्हटलं. सगळं छान चाललं होतं. कुठून आलात, कुणाकडे चाललात, लेक काय करते. सगळ्याची उत्तरं मीच दिली. आमच्याकडे दुकानात, दवाखान्यात, बँकेत मीच बोलते. यांना बोलायला आवडत नाही.

मग तिने यांच्याकडे बघून विचारलं, "आणि सर, तुम्ही इथे कायमचं राहायला आला आहात?"

"हो," मी म्हटलं. "आम्ही दोघंही."

"मॅडम, त्यांना बोलू द्या."

हे गप्प. मी कोपराने ढोसलं. "हो म्हणा ना," मी आपल्या भाषेत हळूच म्हटलं. यांनी सदरा नीट केला, ताठ उभे राहिले आणि साहेबी इंग्रजीत म्हणाले, "ते मला अजून सांगता येत नाही."

चष्मेवालीने हातातलं पेन खाली ठेवलं.

पुढचं काय लिहू! आम्हाला आतल्या खोलीत नेलं. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, पाण्याचं यंत्र, वर एक टीव्ही, त्याला आवाज नाही. आत जाण्याआधी पुन्हा तपासणी. यांच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघाला आणि यंत्र कोकललं.

"या कसल्या?" मी विचारलं.

"घराच्या."

"त्या जाऊबाईंकडे दिल्या ना आपण?"

"एक जुडगा दिला."

म्हातारपणी माणूस विसरतो. दुसरा जुडगा द्यायचा राहिला असेल. पण मी घरातून निघताना तीनदा विचारलं होतं, सगळं दिलंत ना?

आतल्या खोलीत एक जाड अधिकारी आले. दमलेला चेहरा, पण बोलणं मऊ. त्यांनी समजावून सांगितलं की हा कागद कायमचं राहायला येणाऱ्यांसाठी असतो. ज्याला राहायचं की नाही हे माहीत नाही, त्याला या कागदावर आत सोडता येत नाही. त्यांचे वरिष्ठ शुक्रवारी येतील आणि आमच्याशी वेगवेगळं बोलतील. तोवर पासपोर्ट इथेच राहतील आणि आम्ही आवारातल्या अतिथिगृहात राहायचं.

मी म्हटलं, "साहेब, यांना तसं म्हणायचं नव्हतं. प्रवासाने दमलेत."

हे म्हणाले, "मी दमलेलो नाही."

आमचं दुसरं विमान गेलं. खोलीच्या खिडकीतून शेपूट दिसलं मला.

आणि या माणसाचं काय म्हणणं? "त्या मुलीने बरोबर केलं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं." वर कौतुकाने म्हणाले, "चांगलं लक्ष आहे तिचं. बायको बोलत होती, पण ती माझ्याकडे बघत होती."

बुधवार, ५ मार्च

लेकीचा फोन. मागे बाळ रडत होतं. किती बारीक आवाज आहे गं बाई! माझं अर्धं लक्ष तिकडेच.

"आई, हे काय चालवलंय बाबांनी? एका शब्दाचं काम होतं."

"मी तेच म्हणतेय."

"तू त्यांना काय सांगून आणलंस?"

"सांगायचं काय? तिकिटं आली, चला म्हटलं. बॅग भरून दिली. औषधं वेगळी काढून दिली. कुठला स्वेटर घेणार तेही विचारलं."

लेक म्हणाली, "दे बाबांना."

हे फोनवर फक्त "हं", "हं", "बाळ दूध पिते का?" आणि "तुझे टाके कसे आहेत?" एवढंच बोलले. फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. या खोलीची खिडकी धावपट्टीकडे आहे. कुठलं विमान कुठे जातं ते हे तासन्‌तास बघत बसतात. आपल्याकडे जाणारं विमान दुपारी सुटतं म्हणे, शेपटीवर निळा पट्टा असलेलं. विमानांची अशी हौस यांना आहे हे मला माहीतच नव्हतं.

खोली बरी आहे. पांढऱ्या चादरी, भिंतीत बसवलेलं टेबल, न्हाणीघरात साबणाच्या चिमुकल्या वड्या. पण खाली उतरून चार पावलं चालावं म्हटलं तर दारावर पहारा. मी विचारलं, "आम्ही कैदी आहोत का?" पहारेकरीण हसून म्हणाली, "नाही आजी, तुम्ही मधल्या आहात." तिच्या मते हे समजावणं होतं.

मला आमच्या शाळेचा जिना आठवला. उशीर झाला की मदर आम्हाला वर्गात पाठवायच्या नाहीत आणि घरीही पाठवायच्या नाहीत, मधल्या पायरीवर उभं करायच्या. मी एकदाच उभी राहिले होते आणि रडून रडून आजारी पडले होते. इथे मात्र माझ्याबरोबर उभा असलेला मनुष्य शिट्टी वाजवतोय.

गुरुवार, ६ मार्च

आज कस्टमचा तमाशा. तमाशाच म्हणते.

आमच्या बॅगा परवापासून पट्ट्यावर फिरून फिरून कुठल्याशा कोठारात गेल्या होत्या. मालक हजर नसताना पडून राहिलेलं सामान मालकासमोर उघडल्याशिवाय ठेवता येत नाही, असा इथला नियम. म्हणून आम्हाला सकाळी माणूस घेऊन गेला. लांबलचक दालन, स्टीलची टेबलं, एका बाजूला वर हिरवा दिवा आणि दुसऱ्या बाजूला लाल. टेबलामागे टक्कल पडलेले एक साहेब, रबरी मोजे घालून उभे.

दालनात पाऊल टाकलं आणि मी यांच्याकडे पाहिलं तर काय सांगू! पाठ सरळ झाली. मान वर. डोळे टेबलावरून भराभरा फिरायला लागले. निवृत्त झाल्यापासून मी यांना असं चालताना पाहिलेलं नाही. घरी खुर्चीतून उठायचं तर आधी "आई गं" म्हणतात.

टक्कलवाल्या साहेबांनी विचारलं, "जाहीर करण्यासारखं काही आहे?"

मी तोंड उघडणार, त्याच्या आत हे म्हणाले, "आहे. माझ्या पत्नीच्या बॅगेत मध आहे."

माझ्या पत्नीच्या!

"अहो!" मी म्हटलं.

"अगं, विचारलं त्यांनी."

साहेबांनी बॅग उघडायला घेतली. हे म्हणाले, "डाव्या बाजूला, निळ्या गाउनमध्ये गुंडाळलेली असेल. ती नाजूक वस्तू डावीकडे ठेवते." तिथेच निघाली. माझ्या अंतर्वस्त्रांवर दोन परपुरुष वाकून उभे होते आणि त्यांतला एक माझा नवरा होता, आणि दोघांपैकी तोच जास्त खूश होता.

"तुम्ही या कामात होता का?" साहेबांनी विचारलं.

झालं. मग काय विचारता! बंदरावर कसं चालायचं, पेटीचा तळ जाड असेल तर बोटाने कसा वाजवून पाहायचा, खोटं बोलणारा माणूस कसा ओळखायचा. टक्कलवाले साहेब टेबलाला टेकून ऐकत राहिले. मागे रांग लागली. एका बाईने माझ्याकडे बघून घड्याळ दाखवलं, जसं काही मीच व्याख्यान देत होते.

"खोटं बोलणारा अडखळतो असं लोकांना वाटतं," हे सांगत होते. "तसं नाही. त्याचं उत्तर तयार असतं, म्हणून तो लगेच देतो. खरं सांगणाऱ्याला आधी आठवावं लागतं."

साहेब म्हणाले, "आमच्याकडे नव्या मुलांना हे शिकवायला हवं."

मध गेला. पिवळ्या डब्यात टाकला त्यांनी माझ्यासमोर, बरणीसकट. डोंगरावरच्या माणसाकडून मुद्दाम मागवला होता. यांना म्हटलं, "आनंद झाला का?"

"लेकीला इथे दुकानात मिळेल मध."

"हा मिळणार नाही."

"नाही," हे म्हणाले. "तिकडचं सगळंच इकडे मिळत नाही."

हे वाक्य मधाबद्दल बोलायला जरा जास्तच गंभीर होतं, पण मी तेव्हा चिडलेली होते, म्हणून सोडून दिलं.

गुरुवारच, संध्याकाळ

भांडण झालं. लिहून ठेवते, म्हणजे मनात घोळत राहणार नाही.

मी म्हटलं, "उद्या ते मोठे साहेब विचारतील तेव्हा सरळ 'हो' म्हणायचं. एक शब्द. तुम्हाला जड आहे का?"

"हो म्हणणं जड नाही. खोटं असेल तर जड आहे."

"खोटं कशाला असेल? आपण आलोय ना राहायला? घर रिकामं करून आलोय."

"तू केलंस."

"आणि तुम्ही काय करत होता तेव्हा?"

"दोऱ्या बांधत होतो. तू खोकी भरत होतीस, मी दोऱ्या बांधत होतो."

"मग तेव्हा बोलायचं होतं! वर्षभर कागद चालले होते. सह्या केल्यात तुम्ही. फोटो काढून आलात. तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?"

हे पलंगाच्या कडेवर बसले. हातात तो किल्ल्यांचा जुडगा, एकेक किल्ली फिरवत. "इथे कायमचं राहायला आला आहात का, असं मला त्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं," म्हणाले. "वर्षभरात विचारणारी ती पहिली. मी विचारात पडलो. मला वाटलं होतं माझ्याजवळ उत्तर असेल."

मी म्हटलं, "म्हणजे मी विचारलं नाही? मी?"

हे किल्ल्या फिरवत राहिले.

मी विचारलंय. मी सगळं विचारलंय. पाठदुखीचा पट्टा घेऊ का, दाढीचं सामान कुठल्या बॅगेत टाकू, खिडकीशी बसणार की वाटेकडे. संसारात एवढ्या गोष्टी विचारणारी बायको दुसरी सापडणार नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "तिकडे तुमचं आहे तरी काय? ती बंदराच्या भिंतीवर बसणारी म्हातारी टोळी? रोज संध्याकाळी त्याच त्याच बोटींच्या गप्पा."

"हो," हे म्हणाले. "तीच."

हे एवढं लगेच म्हणाले नाहीत. आधी थांबले होते, हेही लिहायला हवं.

मग मला विचारलं, "आणि तुला राहायचंय? तिथे, कायमचं?"

"हो," मी म्हटलं. "विचारायचं काय त्यात?"

हे माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग उठून खिडकीशी गेले. मला त्या बघण्याचा फार राग आला. मी काय पट्ट्यावरची पेटी आहे?

शुक्रवार, ७ मार्च

मोठ्या साहेबांनी आधी मला बोलावलं. साहेब नव्हतेच, बाई होत्या, माझ्याच वयाच्या. छोटे पांढरे केस, टेबलावर एक कुंडी, त्यात नीट पाणी घातलेलं रोप. सिस्टरांच्या ऑफिसात असायचं तसंच. मला एकदम पाय जुळवून उभं राहावंसं वाटलं.

मी माझं सगळं बोलून घेतलं. लेक, बाळ, ऑपरेशन, जावयांची फिरती. बाईंनी ऐकून घेतलं. "तुमच्याबद्दल काही शंका नाही," म्हणाल्या. "तुम्ही आजच जाऊ शकता. प्रश्न तुमच्या पतींचा आहे."

"ते माझ्याबरोबर आहेत."

"प्रवासात आहेत," बाई म्हणाल्या. बोलणं अगदी सौम्य होतं. त्यामुळेच लागलं.

मग हे आत गेले आणि मी बाहेर. दाराला काच होती, पण दुधी. दोन आकार दिसत होते, समोरासमोर बसलेले. ऐकू काहीच येत नव्हतं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आमच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं की यांना कुणी काही विचारतंय आणि उत्तर मला ऐकू येत नाही. मी उठले, बसले, पाणी प्यायले. शेजारच्या खुर्चीवर चष्मेवाली येऊन बसली, तिची सुट्टीची वेळ झाली होती बहुतेक, डब्यातून सफरचंदाच्या फोडी खात होती. मला एक फोड पुढे केली.

मी घेतली, पण सुनावलंच. "तू तो प्रश्न विचारला नसतास तर आम्ही मंगळवारीच पोचलो असतो."

ती म्हणाली, "आजी, तो प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. बहुतेक जण 'हो' म्हणतात आणि रडतात. तुमचे आजोबा रडले नाहीत, म्हणून माझ्या लक्षात राहिले."

दार उघडलं. हे बाहेर आले.

"काय सांगितलंत?"

"खरं."

"अहो, पण काय?"

"सांगितलं की बायको राहायला आलीय, मी पोचवायला आलोय. नात बघेन. मग परत जाईन."

मला वाटलं मी किंचाळेन. पण कॉन्व्हेंटमध्ये किंचाळायला शिकवत नाहीत. मी म्हटलं, "छान," आणि खुर्चीवर बसले.

जाड साहेब कागद घेऊन आले. बाईंनी मोठेपणा दाखवला म्हणे. यांचा राहण्याचा कागद रद्द झाला, पण पाहुणा म्हणून काही आठवड्यांची मुभा मिळाली. माझ्या पासपोर्टवर एक शिक्का, यांच्या पासपोर्टवर दुसरा. माझा मोठा, चौकोनी. यांचा लहान, गोल. एका घरातली दोन माणसं, एकाच टेबलावर, शेजारी शेजारी ठेवलेले पासपोर्ट, आणि एकावर रहिवासी, एकावर पाहुणा.

"बघ," हे म्हणाले, "आता तुझ्या घरी मला चांगलंचुंगलं करून घालावं लागेल. पाहुणा आहे."

"विनोद करू नका," मी म्हटलं.

विमान उद्या सकाळचं. परत जाताना हे कोठाराच्या दिशेने गेले, टक्कलवाल्या साहेबांचा निरोप घ्यायला. मी उपाहारगृहात जाऊन बसले. हे आले तेव्हा मी सवयीने दोन चहा सांगणार होते. कोण जाणे काय वाटलं, मी विचारलं, "चहा घेणार की कॉफी?"

हे थांबले. विचार केला. "कॉफी," म्हणाले.

"कॉफी? तुम्हाला कॉफी आवडते?"

"हो."

"मग लग्न झाल्यापासून चहा का पिताय?"

"तू करायचीस."

"बोलायचं होतं ना!"

"चांगला करायचीस," हे म्हणाले.

असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे कॉफी पीत राहिले. फुंकर मारून, हळूहळू, पेला दोन्ही हातांत धरून. किती आवडीने पितो हो हा माणूस कॉफी!

लेकीला फोन केला. वाटलं होतं, ओरडेल. ती म्हणाली, "येतायत ना पण? बाळाला बघायला येतायत ना?" येतायत म्हटलं. मग ती रडली आणि म्हणाली, "आई, तू पण बघ हं. राहून बघ. नाही जमलं तर..." मी मध्येच म्हटलं, "न जमायला काय झालं? आणि तुझं करणार कोण?" माझा आवाज कसा आला कोण जाणे.

शनिवार, ८ मार्च

निघायचंय. हे दाढी करतायत, शिट्टी चालू आहे. बॅगा पुन्हा भरून झाल्या. यांच्या म्हणण्यावरून यांची एक वेगळी केली. "परत जाताना मग तुला उघडाउघड करायला नको," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा आमचं सामान वेगवेगळं भरलंय. यांच्या बॅगेचं वजन बघून मलाच आश्चर्य वाटलं. एका माणसाला किती थोडं लागतं.

धाकट्या जाऊबाईंना फोन करायचा आहे. बोलताना गोंधळ उडेल, आणि त्या "का? कशाला? काय झालं?" विचारत बसतील, म्हणून सांगायचं ते आधी इथे लिहून काढते.

हे एकटे परत येणार आहेत. केव्हा ते कळवीन. तोवर घर झाडून घ्यावं आणि पाण्याची टाकी धुवून घ्यावी. आम्ही ज्याला जे दिलं त्यातलं काही परत मागायला लागेल. लाज वाटते, पण मागावं. माझं नाव सांगावं.

खालच्या शिंपीदादांना दिलेली वेताची खुर्ची यांची आहे, ती आणावी. बदल्यात त्यांना माझं शिवणयंत्र द्यावं. ते वन्संना दिलंय, पण त्यांनी अजून खोकं उघडलेलं नसेल, मला माहीत आहे. रेडिओ तुमच्या मुलाकडे आहे. त्याला सांगा काकांना बातम्या लागतात, आणि तो तसाही ऐकत नाही. मोठा पलंग तुमच्याचकडे राहू द्या, एकट्याला तो फार मोठा होईल. वरच्या मजल्यावरच्या बाईंना दिलेली लोखंडी खाट यांना द्यावी. गादी पातळ आहे, खाली घोंगडी घालावी, पाठ धरते यांची. घोंगडी त्यांच्याचकडे आहे, ती द्यायला त्या कुरकुर करतील. करू द्या.

मोठी शेगडी तुम्ही ठेवा. छोटी इस्त्रीवाल्याला दिली होती, ती परत घ्या आणि त्याला माझी हिरवी छत्री द्या, त्याला ती आवडायची. माझे गरम कपडे इथे पुरेसे आहेत, कपाटात राहिलेली शाल तुम्ही वापरा. पुस्तकं शाळेत सिस्टरांकडे पाठवली आहेत, ती तिथेच असू द्यात. फक्त एक जाडं जहाजांचं चित्रांचं पुस्तक चुकून गेलंय, ते मागून यांच्या उशाशी ठेवा.

स्वयंपाकाची भांडी यांना फार लागणार नाहीत. एक पातेलं, एक तवा, आणि एक कॉफीचं भांडं नवं घ्यावं. आपल्या घरी नव्हतं.

कपबश्यांचा पांढरा संच वन्संकडे गेलाय. तो त्यांच्याचकडे राहू दे, पण त्यातले दोन कप यांना द्यावेत. हे म्हणतील, एक पुरे. ऐकू नये. दोनच द्यावेत.